हरवलें कोण, सांपडलें कोणास ?

जत्रेंत चुकलेलें मूल पुष्कळदां आपण चुकलों आहों हें जाणतच नसतें. खेळण्यांच्या दुकानापुढें तें उभें असतें, कोणीं तरी दिलेली रेवडी हातांत असते, आणि चेहरा प्रसन्न असतो. इकडे आई मात्र गर्दींतून वेड्यासारखी हांका मारीत फिरत असते. त्या घटकेस 'हरवलें' हा शब्द मुलाच्या तोंडीं नसतो, आईच्या तोंडीं असतो. वाटेवर पडलेल्या दगडास कोणी हरवलेला म्हणत नाहीं. कारण तो कोणाचाच नसतो. हरवण्यासाठीं आधीं कोणाचें तरी असावें लागतें.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत मनुष्याच्या आत्म्याची स्थिति सांगतांना 'हरवलेला' हा शब्द येतो. त्याचा अर्थ लावूं लागलों तेव्हां आमच्या मनापुढें पहिल्यानें हेंच चित्र उभें राहिलें. आमच्या सुशिक्षित कुटुंबांत या धर्माची ओळख बहुधा दोन वाटांनीं झाली: बाजारांत वांटलेल्या पत्रकांतून आणि मिशनच्या शाळा-कॉलेजांतील बायबलच्या तासांतून. दोन्हीकडे 'तुम्ही पापी आहां' हें वाक्य प्रथम कानीं पडे, आणि ऐकणारा स्वाभाविकपणेंच कानांवर हात ठेवी. परक्यानें येऊन आपणांस पापी म्हणावें हें कोणास रुचेल ? परंतु मूळ ग्रंथ उघडून पाहिला तर तेथें ही कथा निराळ्याच ठिकाणीं सुरू होते, असें आम्हांस आढळलें.

लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय हा या विचाराचा गाभा समजला जातो. प्रसंग असा: येशू जकातदारांच्या व पतित समजल्या गेलेल्या लोकांच्या पंक्तीस बसतो, म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करीत होते. रोमन सरकारसाठीं स्वकीयांना नाडणारा जकातदार यहुदी समाजांत किती तिरस्करणीय असेल, हें सांगावयास नको. आणि पंक्तिप्रपंचाची कुरकुर म्हणजे काय, हें तर आमच्या वाचकांस दुसऱ्या कोणीं समजावून देण्याची मुळींच गरज नाहीं ! त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येशूनें तीन गोष्टी सांगितल्या. शंभर मेंढरांतलें एक चुकलें, तेव्हां धनगर नव्याण्णव रानांत सोडून त्याच्या मागें गेला. दहा नाण्यांतलें एक पडलें, तेव्हां घरधनिणीनें दिवा लावला आणि सारें घर झाडून काढलें. तें नाणें म्हणजे द्राख्मा, मजुराच्या सुमारें एका दिवसाच्या रोजाइतकें. मेंढरूं अजाणपणानें चुकलें. नाण्याला तर चुकण्याइतकीही जाणीव नाहीं, तें अंधारांत जेथें पडलें तेथेंच पडून राहिलें. दोन्ही गोष्टींत सगळी धांवपळ शोधणाराची आहे, आणि सांपडल्यावर शेजारपाजारच्यांना बोलावून आनंद करणाराही तोच.

तिसरी गोष्ट उधळ्या मुलाची. ही बहुतेकांस ठाऊक असते. पण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसानें ती वाचावी, म्हणजे तिचे कांटे कोठें आहेत हें नीट कळतें. धाकटा मुलगा बाप जिवंत असतांना वांटणी मागतो. आमच्याकडे मिताक्षरेनें वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतःच हक्क मानला आहे, त्यामुळें वांटणी मागणें कितीही कडू असलें तरी अशास्त्र नव्हे. त्या समाजांत मात्र वारसा बापाच्या मागें मिळावयाचा. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें थोरल्याला धाकट्याच्या दुप्पट, म्हणजे दोघां भावांत धाकट्याचा एकतृतीयांश. तो आजच द्या असें म्हणणें म्हणजे 'तुम्ही मेलां असें मी धरून चालतों' असेंच म्हणण्यासारखें होतें. बाप रागावत नाहीं, वांटून देतो. मुलगा दूर देशीं जाऊन तें उडवतो, दुष्काळ पडतो, आणि यहुद्याच्या मुलावर डुकरें राखण्याची पाळी येते. यापलीकडे विटाळ तो कोणता ? डुकरांच्या पुढच्या शेंगांनीं पोट भरावें असें त्याला वाटूं लागतें. तेव्हां तो 'भानावर आला' असें लूक सांगतो, आणि घराच्या वाटेला लागतो. 'मला मजुरांत ठेवा' हें वाक्य तो वाटेनें घोकत येतो. पण तो दूर असतांनाच बाप त्याला पाहतो आणि धांवत सुटतो. पूर्वेकडील घरांत वडीलधारा माणूस धांवत नसतो. इतरांनीं धांवावें आणि त्यानें बसून राहावें ही रीत. घोकलेलें वाक्य पुरें होण्याच्या आधींच अंगावर उत्तम झगा, बोटांत अंगठी, पायांत जोडा ! चाकर अनवाणी असत. जोडा मुलाच्या पायांत. थोरल्या भावाची हकीकत अजून उरली आहे, तिच्याकडे आम्ही मागाहून येऊं.

येथें शब्दांचा थोडा विचार केला पाहिजे. ज्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'हरवणें' असा होतो, त्याच 'अपोल्लुमि' या क्रियापदाचा अर्थ 'नाश पावणें' असाही आहे. म्हणजे आपल्या माणसांपासून तुटणें आणि नष्ट होणें ही त्या भाषेंत एकाच शब्दाचीं दोन टोंकें झालीं. उलट 'सोझो' हें क्रियापद तारण्यालाही लागतें आणि रोग्याला बरें करण्यालाही. पश्चात्तापासाठीं हिब्रू भाषेंत जें क्रियापद येतें, त्याचा साधा अर्थ 'परत फिरणें' एवढाच आहे. गुडघे टेकून रडणें हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. मराठी ख्रिस्ती लोकांनीं या सर्वांसाठीं 'तारण' हा शब्द रूढ केला. सावकाराच्या दुकानीं तारण म्हणजे कर्जापोटीं गहाण ठेवलेली वस्तु. मराठी माणसाच्या कानांत हे दोन्ही अर्थ एकदम वाजतात, आणि दुसऱ्यानें आपल्यासाठीं कांहीं तरी भरलें ही जी ख्रिस्ताच्या वधस्तंभाविषयींची त्यांची श्रद्धा, तिला तो अपघातानें बराच जुळतो. गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं रायतूर येथें आपलें 'ख्रिस्तपुराण' छापलें, तेव्हां त्यांच्यापुढेंही हीच अडचण होती. स्वर्गाला त्यांनीं सरळ वैकुंठ म्हटलें.

पण वैकुंठ म्हटलें म्हणून कल्पना एक होत नाहीं. आमच्या वेदांतांतही हरवल्या-सांपडल्याची एक सुंदर गोष्ट आहे, आणि योगायोग असा कीं तिच्यांतही आंकडा दहाचाच आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. सर्व सुखरूप आले कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एकजण मोजूं लागला. मोजणारा स्वतःला सोडून मोजी, त्यामुळें बेरीज नऊच येई. दहावा बुडाला असें समजून सगळे रडूं लागले. तेवढ्यांत एक वाटसरू आला आणि मोजणाराला म्हणाला, 'अरे, दहावा तूंच !' विद्यारण्यांच्या 'पंचदशीं'त हा दृष्टांत विस्तारानें आला आहे. येथें कोणीच हरवलेलें नव्हतें; हरवल्याचा भ्रम होता, आणि तो एका वाक्यानें गेला. लूकच्या गोष्टींतलें दहावें नाणें मात्र खरोखर हरवलेलें आहे. त्याला 'तूं हरवलेलें नाहींस' असें कितीही समजावून सांगितलें तरी तें फडताळांत येणार नाहीं. दिवा घेऊन कोणी तरी वांकलें पाहिजे. आमच्या मतें अद्वैत आणि ख्रिस्ती मत यांतील अंतर या दोन गोष्टींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें पोथ्याच्या पोथ्या वाचून दिसत नाहीं. भक्तिमार्गाची गोष्ट निराळी. वासरामागें हंबरत धांवणारी गाय आमच्या संतांना चांगली परिचयाची आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें नारायण वामन टिळक म्हणत, तें उगाच नव्हे.

मनुष्यानें आपल्या पायांनीं परत यावयाचें कीं देवानें उचलून आणावयाचें, यावर त्या धर्मांत फार मोठे वाद झाले. पेलागियस नांवाच्या ब्रिटनकडील विरक्तानें मनुष्याची इच्छा चांगलें वागण्यास समर्थ आहे असें प्रतिपादिलें. उत्तर आफ्रिकेंतील बिशप ऑगस्टिन यांनीं कृपेवांचून ती पंगु आहे असें म्हटलें, आणि ४१८ सालीं कार्थेजच्या धर्मपरिषदेनें पेलागियसचें मत त्याज्य ठरवलें. पुढें लूथर आणि काल्व्हिन यांच्या काळीं तोच वाद नव्या नांवांनीं पेटला. रामानुजीयांत माकडाचें पिलूं आणि मांजराचें पिलूं असे दोन न्याय सांगतात, तो वाद ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांत नवीन असें फारसें वाटणार नाहीं. माकडाचें पिलूं आईला घट्ट धरून राहतें. मांजराच्या पिलाला आई तोंडांत धरून नेते. ऑगस्टिन मांजराच्या पक्षाचे, एवढें म्हटलें कीं पुरे.

आतां एक शंका. एकदां सांपडला म्हणजे मनुष्य एकदम निर्मळ होतो काय ? इंग्रजी ख्रिस्ती जगांत हरवण्या-सांपडण्याचें सर्वांत प्रसिद्ध स्तोत्र जॉन न्यूटन यांचें. १७७९ सालीं तें छापून निघालें. हे गृहस्थ तरुणपणीं खलाशी होते. १७४८ च्या मार्च महिन्यांत भर समुद्रांत तुफानानें जहाज फुटूं लागलें, तेव्हां ते देवाकडे वळले, आणि तो दिवस आपल्या तारणाचा दिवस म्हणून जन्मभर पाळीत आले. परंतु त्या दिवसानंतरच ते गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचे कप्तान झाले ! तळाशीं साखळदंडांत जखडलेलीं माणसें आणि वर कप्तानाची प्रार्थना, असा क्रम १७५४ पर्यंत चालला. तोही प्रकृति बिघडली म्हणून थांबला. त्या व्यापाराविरुद्ध त्यांनीं उघड निबंध लिहिला तो १७८८ सालीं, म्हणजे त्या तुफानाला चाळीस वर्षें लोटल्यावर. त्यांत आपला स्वतःचा दोष त्यांनीं झांकला नाहीं, आणि त्या निबंधाचा पार्लमेंटांतील चळवळीस उपयोगही झाला. तरी पण चाळीस वर्षें ! तारण एका क्षणीं होतें असें सांगणाऱ्या उपदेशकांनीं हा हिशेब श्रोत्यांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

आमच्या इकडे हाच प्रश्न अधिक प्रामाणिकपणें कोणीं हाताळला असेल तर पंडिता रमाबाईंनीं. डोंगरे शास्त्र्यांची ही कन्या १८५८ सालीं जन्मली. वडिलांनीं तिच्या आईला संस्कृत शिकवलें म्हणून भाऊबंदांचा रोष पत्करला आणि पुराणें सांगत कुटुंबासह देशभर यात्रा केली. मद्रासकडील दुष्काळांत आधीं वडील, मग आई, मग बहीण उपासमारीनें गेली. उरलेली दोन भावंडें पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथें त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्यें भाऊ गेला, १८८२ मध्यें पति पटकीनें गेले. पुढच्या वर्षीं त्या लहानग्या मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

हा बाप्तिस्मा त्यांनीं कां घेतला याचें कारण त्यांनीं स्वतःच नमूद करून ठेवलें आहे. लंडनजवळ फुलहॅम येथें मार्ग चुकलेल्या स्त्रियांसाठीं चालवलेलें एक घर जोगिणींनीं त्यांना दाखवलें. ज्या स्त्रियांस समाज झाडून टाकतो, त्यांची शुश्रूषा कुलीन स्त्रिया आपल्या हातांनीं करीत होत्या. अशी दया यांना कोणीं शिकवली, हा प्रश्न रमाबाईंनीं विचारला. तेव्हां विहिरीवर शोमरोनी स्त्रीशीं बोलत बसलेल्या ख्रिस्ताची कथा त्यांच्यापुढें ठेवण्यांत आली. दिवा आणि झाडू घेऊन नाणें शोधणारी घरधनीण त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली ती अशी.

मग सगळें संपलें काय ? नाहीं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं प्रसिद्ध झाला आहे. तो वाचतांना या बाई कोणाचेंही मत केवळ सांगितलें म्हणून गिळीत नव्हत्या, हें पानोपानीं दिसतें. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, सर्वांवर त्यांचे प्रश्न. आणि १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत त्या एक विलक्षण कबुली देतात: ख्रिस्ती धर्म मला सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, अशा आशयाची. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें त्या अशा स्थितींत होत्या. तोंपर्यंत त्यांनीं इंग्लंड-अमेरिकेंत व्याख्यानें दिलीं होतीं, पुस्तक लिहिलें होतें, ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें होतें. अशा स्त्रीनें आपण अद्याप वाटेवरच होतों असें लिहावें, यास धैर्य लागतें. त्यांच्या हातीं त्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र पडलें. कॉर्नवॉलमधील हे उपदेशक कित्येक वर्षें चर्चमध्यें उपदेश करीत होते, आणि १८५१ सालीं एके दिवशीं व्यासपीठावर उभे असतां स्वतःच्याच प्रवचनानें त्यांचें मन पालटलें ! उपदेशक हरवलेला असूं शकतो, धर्मांतर केलेलाही असूं शकतो, हें त्या पुस्तकानें रमाबाईंस दाखवलें.

याच काळांत पुण्यास शारदासदनावर वादळ उठलें. मुलींना ख्रिस्ती केलें जातें या आरोपावरून १८९३ मध्यें रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनीं मुली काढून नेल्या. त्यांची बाजू आम्ही हलकी लेखीत नाहीं; धर्मनिरपेक्ष म्हणून उघडलेल्या संस्थेंत आपली मुलगी ठेवणाऱ्या घराला शंका विचारण्याचा हक्क होता. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन रस्त्यावरच्या मुली गोळा करण्यास पुण्यांतून ज्या निघाल्या, त्या रमाबाईच होत्या. वीस वर्षांपूर्वीं अशाच एका रस्त्यावर त्या स्वतः उभ्या होत्या. दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगांव येथें त्यांनीं या मुलींसाठीं जें वसवलें त्याला नांव दिलें 'मुक्तिसदन', आणि पतित स्त्रियांच्या घराला 'कृपासदन'. फुलहॅमचें घर केडगांवास आलें. ही संस्था आजही चालू आहे.

येथवर शोधणाऱ्याची बाजू झाली. आतां दुसरी बाजू, जी मिशनच्या पत्रकांत क्वचितच येते. चर्चच्या वहींत एक नांव 'सांपडला' म्हणून चढलें, कीं त्याच दिवशीं कोणत्या तरी वाड्यांत तें 'हरवला' म्हणून लिहिलें जाई. धर्मांतर करणाऱ्याचा जिवंतपणीं घटस्फोट, म्हणजे तो मेला असें समजून घागर फोडण्याचा विधि, होत असे. १८५० चा २१ वा कायदा होईपर्यंत त्याचा वारसाहक्कही जाई. वर सांगितलेल्या गोष्टींत मुलानें बापाला मेलेला मानलें. येथें घर मुलाला मेलेला मानीत होतें. बापाचें घर सोडून जो गेला तो हरवला, असें लूकची गोष्ट म्हणते. मग जो बापाचें घर सोडून ख्रिस्ताकडे गेला, त्याच्या आईनें ही गोष्ट कशी वाचावी ?

टिळकांच्या घरांत हें घडलें. नारायण वामन टिळक हे कवि. आगगाडीच्या एका प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळीं माहेरच्या माणसांत होत्या, पदरीं तीन-चार वर्षांचा दत्तू. पति जिवंत, आणि घर म्हणतें तो गेला. पुढें चार-पांच वर्षें पंढरपुरास आणि इतरत्र त्यांनीं जें काढलें, तें १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनीं लिहिलें आहे. त्यांत रडणें आहे, राग आहे, आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणें हंसणेंही आहे. पति धर्म शोधीत होते. लक्ष्मीबाई आपला नवरा शोधीत होत्या. अखेर त्या त्यांच्याकडे परत गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. वेगळी चूल, वेगळें पाणी, सोवळें-ओवळें सर्व संभाळून त्या राहिल्या, आणि टिळकांनीं तें राहूं दिलें. पुढें तें सोवळें त्यांच्या स्वतःच्या विचारानेंच गळून पडलें, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. या घरांत शेवटीं कोण कोणाला सांपडलें ? टिळक १९१९ सालीं वारले. त्यांनीं अर्धवट सोडलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें.

आणि आतां तो थोरला भाऊ. घरांत गाणें-बजावणें चाललें असतां तो शेतावरून येतो. आंत काय आहे हें चाकराला विचारतो, आणि कळल्यावर रागानें अंगणांतच उभा राहतो. त्याचें म्हणणें अगदीं रास्त आहे. इतकीं वर्षें राबलों, एकही आज्ञा मोडली नाहीं, मला मित्रांसाठीं कधीं एक करडूंही मिळालें नाहीं. आणि हा सर्व उडवून आला त्याला पुष्ट वासरूं! एकत्र कुटुंबांत ज्यानें घर सांभाळलें आहे, अशा कोणत्याही वडील मुलाला विचारा, तो यांतलें एकही अक्षर खोटें म्हणणार नाहीं. 'माझा भाऊ' असें मात्र तो म्हणत नाहीं. बापाला 'हा तुमचा मुलगा' असें म्हणतो. दूर देशीं न जातां, शेतावरून घरापर्यंतच्या वाटेंत हा मुलगा हरवला आहे. ज्या शास्त्र्यांच्या कुरकुरीवरून ही गोष्ट निघाली, त्यांचेंच हें चित्र होय, हें ऐकणारांच्या लक्षांत आल्यावांचून राहिलें नसेल.

बाप पंगत सोडून उठतो. धाकट्यासाठीं तो एकदां घराबाहेर धांवला होता. आतां थोरल्यासाठीं पुन्हां बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो. जें माझें आहे तें सर्व तुझेंच आहे, असें सांगतो. दारांतून आंतला उजेड अंगणांत पडला असेल, गाणें चालूच असेल. थोरला आंत गेला कीं नाहीं, हें लूकनें लिहिलेलें नाहीं.